जिनिव्हाचा मोटार शो एवढा मोठा कसा झाला, आणि बंद का पडला?

चिंचवडचा_चक्रम:
नमस्कार मंडळी. बाबा पिंपरीला टाटांच्या कारखान्यात होते, त्यामुळे आमच्याकडे मार्च महिना आला की जिनिव्हाचा विषय निघायचाच. १९९८ पासून टाटा तिथे गाड्या मांडायचे. पण मला एक कोडं सुटत नाही. स्वित्झर्लंडची स्वतःची एकही मोठी मोटार कंपनी नाही. मग अख्खी दुनिया तिथे का जमायची? आणि शो बंद पडला तो कोविडमुळेच का? जाणकारांनी सांगावं.

लोझानकर:
चक्रमराव, घरची कंपनी नाही म्हणूनच तर! फ्रँकफर्टला जर्मन कंपन्यांचा थाट असा, की बाकीच्यांनी अंग चोरून उभं राहायचं. पॅरिसला रेनो आणि पूजो म्हणजे मांडवातले यजमान. जिनिव्हात सगळेच वऱ्हाडी. फोक्सवागनच्या दिमाखापासून दहा पावलांवर पगानीसारखी मूठभर गाड्या बनवणारी कंपनी, आणि गर्दी तिच्याचभोवती जास्त. पगानीची झोंडा १९९९ साली जगाला दिसली ती तिथेच.

सुरुवात १९०५ची. दुसऱ्या महायुद्धात काही वर्षं खंड, १९४७ला पुन्हा चालू. १९८२ पासून पॅलेक्स्पो या प्रदर्शन केंद्रामध्ये. ही जागा विमानतळाला इतकी चिकटून आहे, की विमानातून उतरून चालत हॉलमध्ये शिरावं. आम्ही इथले लोक ट्रेननं जायचो, शेवटचं स्टेशनच विमानतळाचं. डब्यात चढल्यावर कोण शोला निघालंय ते लगेच कळायचं, कारण माहितीपत्रकं कोंबायला रिकाम्या पिशव्या घेऊन यायची माणसं.

माझी आवडती गोष्ट १९६१ची. जॅग्वारनं ई-टाइप ही स्पोर्ट्स कार तिथे पहिल्यांदा दाखवली. बसून बघायला एवढी झुंबड उडाली, की आणलेली गाडी पुरेना. जॅग्वारचे सर्वेसर्वा सर विल्यम लायन्स यांनी कॉव्हेंट्रीच्या कारखान्याला निरोप धाडला, दुसरी पाठवा. कंपनीचे टेस्ट ड्रायव्हर नॉर्मन ड्यूइस हातातलं काम टाकून उघड्या टपाची ई-टाइप घेऊन निघाले. वाटेत खाडी, बोट, मग रात्रभर फ्रान्स, आणि सकाळी जिनिव्हा. आल्या आल्या गिऱ्हाइकांना फेऱ्या मारायला जुंपलं! आता जॅग्वारच टाटांकडे, त्यामुळे बाबांना ही गोष्ट घरचीच वाटेल.

बड्या गाड्यांपुढे सेल्फी काढणारे असायचेच. मला मजा यायची ती खऱ्या गिऱ्हाइकांची. एक आजोबा खिशातून टेप काढून साध्या स्कोडाची डिकी मोजत होते, आजी आकडे लिहून घेत होत्या. २०१९ ला टाटांची अल्ट्रोज आली तेव्हा एक बाई मागच्या दाराची मूठ शोधत काचेवरनं हात फिरवत राहिल्या. ती मूठ वर खिडकीच्या कोपऱ्यात लपवलेली. सापडली, दार काटकोनात सताड उघडलं आणि बाई खूश! पिंपरीची गाडी म्हणून माझीही कॉलर ताठ.

बंद का पडला? कोविड हे निमित्त. २०२० ला स्टँड उभे राहत होते, पत्रकारांचा दिवस तोंडावर आला होता, आणि २८ फेब्रुवारीला स्विस सरकारनं हजारावर माणसांच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. पण घुण आधीच लागलेला. काही दिवसांसाठी हॉलमध्ये दुमजली महाल बांधायचा आणि पाडायचा, यापेक्षा स्वतःचा कार्यक्रम इंटरनेटवर दाखवला तर त्या दिवशी बातमीत दुसरं कुणी नसतं, हे कंपन्यांनी ओळखलं. २०२४ ला पुन्हा मांडला, तर रेनो, डासिया, एमजी, बीवायडी असे मोजकेच. बडे जर्मन गायब. २०१९ ला सहा लाख लोक आले होते, तिथे या वेळी दोन लाखही नाहीत. तीनच महिने झाले आणि गाशा गुंडाळल्याचं जाहीर झालं.

मायलेज_कितना:
काका, पण बिघडलं काय? नवी गाडी आली की तासाभरात यूट्यूबवर चार माणसं बसून दाखवतात. शो म्हणजे कंपन्यांची हौस, खर्च शेवटी आपल्याच किमतीत.

लोझानकर:
अरे, यूट्यूबवाला दाखवेल तेच दिसतं. तो तुझ्या उंचीचा नाही, त्याच्या सासूबाईंचे गुडघे दुखत नाहीत. सहा कंपन्यांच्या सहा गाड्यांत एका दुपारी बसून उठायचं, मागची सीट पाडून बघायची, आणि सेल्समन गळ्यात पडत नाही. ही सोय शोरूममध्ये कुठे? खर्चाचं म्हणशील तर कंपन्यांनी तो वाचवला हे खरं. गाडी स्वस्त झाल्याचं मला तरी आढळलं नाही.

चिंचवडचा_चक्रम:
धन्यवाद काका. बाबा विचारतात, नॅनो पण युरोपात विकणार होते ना? तिचं काय झालं?

लोझानकर:
हो, २००९ च्या शोमध्ये 'नॅनो युरोपा' मांडली होती. लांबी वाढवलेली, इंजिन तीन सिलिंडरचं, एअरबॅग वगैरे. एक लाखाची गाडी म्हणून आधीच गाजलेली, त्यामुळे गर्दी तुफान. पण युरोपातल्या सुरक्षेच्या आणि धुराच्या नियमांत बसवायचं म्हटलं की स्वस्ताई उरते कुठे? विक्रीला आलीच नाही. आणि बाबा अजून युरोपातल्या कार ऑफ द इयर पुरस्काराच्या निकालावर लक्ष ठेवून असतील, तर त्यांना सांग, २०२५ला तो जिनिव्हाऐवजी ब्रसेल्सच्या शोमध्ये जाहीर झाला, तोही जानेवारीत. मार्चची वाट बघत बसू नका म्हणावं.