डॉक्टरला दोरावरून खाली सोडायचंच कशाला?

उंटावरचा_वैद्य:
शोध-बचावाच्या हेलिकॉप्टरसाठी डॉक्टरांना विंचवर (दोर वर-खाली करणाऱ्या यंत्रावर) लटकायला शिकवतात, हे मला पटत नाही. जो आधीच दोरावरून उतरतो, खवळलेल्या पाण्यात पोहतो, त्यालाच उपचार शिकवा की! अमेरिकी हवाई दलाचे पॅरारेस्क्यूवाले, म्हणजे बचाव-सैनिक, पॅरामेडिक (डॉक्टर नसलेले, पण जागेवर तातडीचे उपचार करणारे) असतात, तिथल्या तटरक्षक दलाचे रेस्क्यू स्विमर, म्हणजे बचावासाठी पाण्यात उतरणारे, ईएमटी (तातडीच्या उपचारांचे तंत्रज्ञ) असतात. रक्तस्राव थांबवा, श्वासमार्ग मोकळा ठेवा, ऊब द्या. दोराच्या टोकाला याहून जास्त होतंय काय? डॉक्टर हॉस्पिटलात तयार बसू दे.

गारठलेली:
मे १९९९, उत्तर नॉर्वे. स्कीइंग करताना एक डॉक्टर ओढ्याच्या बर्फाखाली अडकली. बाहेर काढली तेव्हा हृदय बंद. हेलिकॉप्टरमध्ये सगळा वेळ सीपीआर (छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) चालू ठेवून ट्रॉम्सोच्या हॉस्पिटलात नेली. शरीराचं तापमान भरलं १३.७ अंश. ती जगली. मागाहून कामावरही रुजू झाली. अशा वेळी थांबायचं की नाही हे ठरवायला जाणतं माणूस लागतं. नॉर्वेच्या बचाव-हेलिकॉप्टरांत भूलतज्ज्ञ असतो, तो उगाच नाही.

उंटावरचा_वैद्य:
उदाहरण जबरदस्त, पण ते माझ्याच बाजूचं आहे. 'ऊब येईपर्यंत मृत म्हणू नका' हा नियम पॅरामेडिकला एका दुपारात शिकवता येतो. बाकी शंका रेडिओवर विचारा.

पंख्याखाली:
रेडिओवर? कधी बसला आहात का त्या आवाजात? मी परिचारक म्हणून हे प्रशिक्षण घेतलंय. पहिल्याच दिवशी स्टेथोस्कोप बाजूला ठेवायला लावला, कारण काहीही ऐकू येत नाही. यंत्राचा अलार्मसुद्धा नाही. लक्ष पडद्यावरच ठेवायचं. उंची वाढली की शरीरात अडकलेली हवा फुगते. ८,००० फुटांवर साधारण एक तृतीयांशानेच, पण फुप्फुसाबाहेर हवा साठलेल्या रुग्णाला तेवढंही भारी पडतं. श्वासनळीतल्या नळीचा फुगासुद्धा तपासत राहावा लागतो.

आणि ती बुडवाबुडवी! हेलिकॉप्टरचं वजन वरच्या अंगाला, त्यामुळे पाण्यात पडलं की ते उलटतं. म्हणून खोट्या केबिनमध्ये पट्ट्याने बांधून तलावात उलटं बुडवतात आणि खिडकीतून बाहेर पडायला लावतात. दुसऱ्या खेपेला नाकात इतकं पाणी गेलं की डावं-उजवं कळेना. हे डॉक्टरला चुकत नाही आणि पोहणाऱ्यालाही. तेव्हा आधी डिग्री कोणती, हा वाद मला जरा पोकळ वाटतो.

हिशेबी:
पोकळ नाही. प्रश्न आहे हात कुणाचा चालता राहतो याचा. पोहणाऱ्याला नळी घालायला शिकवलीत, पण ती घालायची वेळ त्याच्यावर कितीदा येणार? भूलतज्ज्ञ ते काम रोजच्या रोज करतो. उलट विंचवर लटकण्याचा सराव ठरवून, हवा तेव्हा लावता येतो. श्वास अडलेला रुग्ण ठरवून मिळत नाही.

गारठलेली:
अगदी! शिवाय थंड पाण्यातून माणसाला उभा उचलला की रक्तदाब कोसळून तो वर येतायेताच जाऊ शकतो, म्हणून जमलं तर आडवा उचलतात.

उंटावरचा_वैद्य:
ते विंच चालवणाऱ्यालाही माहीत असतं हो. आणि १९८३ विसरू नका. 'मरीन इलेक्ट्रिक' जहाज बुडालं, ३४ पैकी ३ जण वाचले. हेलिकॉप्टरने टोपली सोडली होती, पण गारठलेल्या बोटांना ती धरवेना. तिथे उणीव होती ती पाण्यात उडी घेणाऱ्याची. अमेरिकी तटरक्षक दलाने रेस्क्यू स्विमर उभे केले ते त्यानंतर.
हिशेबींचा मुद्दा मात्र लागला. नळीपुरती हार मानतो. पण मग डॉक्टरने एकदा प्रमाणपत्र घेऊन भिंतीवर टांगायचं नाही. रात्रीच्या सरावालाही यायचं, दर खेपेला.

पंख्याखाली:
या की. आमच्या विभागप्रमुखांकडून तेवढी रजा मंजूर करून आणा. अर्जात कारण काय लिहू, 'दोराला लटकणे'?