मदत हवी आहे : सुऱ्यांसाठी बेल्ट ग्राइंडर घ्यायचाय, सर्व्हिस कशी पारखायची?

मंडळी, खानापूरजवळ वर्कशॉप आहे, कोयते आणि किचनच्या सुऱ्या बनवतो, आता २ बाय ७२ इंची बेल्ट ग्राइंडर घ्यायचाय. लाईट सिंगल फेज, म्हणून २ एचपी थ्री फेज मोटर आणि २३० व्होल्ट इनपुटचा व्हीएफडी (सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालवणारा आणि तिचा स्पीड कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) असं ठरवलंय. फिक्स स्पीडचा कृपया सुचवू नका, स्पीड कमी करता आला नाही तर पाणी देऊन कडक केलेली धार तापते, आणि निळी पडली की मऊ होते, सगळी मेहनत वाया. बेळगावच्या उद्यमबाग इंडस्ट्रियल एरियात विचारून झालं, फ्रेम करून देतात पण बेल्टच्या ट्रॅकिंगची (बेल्ट चाकांवरून न सरकता सरळ चालण्याची) खात्री कोण देईना. एक ऑनलाइनवाला पेमेंटचं म्हटलं की लगेच फोन करतो, व्हीएफडीत लोखंडाची धूळ गेली तर वॉरंटी मिळणार का विचारलं की गप्प, आणि पैसे सगळे आधीच पाहिजेत. बेळगाव, निपाणीकडं कुणी असा मागवून वापरलाय का, आणि पैसे देण्याआधी त्याच्याकडून नेमकं काय लिहून घ्यावं?