ट्रेडिंग कार्डांच्या विक्रीसाठी कोणत्या नोंदण्या लागतात?

प्रश्न (नवीपेठकर):
नमस्कार. सोलापुरात नवी पेठेत माझे स्टेशनरीचे छोटे दुकान आहे. शाळकरी मुले पोकेमॉनची आणि क्रिकेटपटूंची कार्डे सतत मागतात, म्हणून बंद पाकिटांबरोबर जुनी सुटी कार्डेही विकत घेऊन विकण्याचा विचार आहे. विजयपूरहूनही विचारणा झाली आहे. यासाठी वेगळा परवाना लागतो का?

उत्तर (करसल्लागार):
कार्डांसाठी असा स्वतंत्र परवाना नाही. आपल्या दुकानाची शॉप अ‍ॅक्टखालची ऑनलाइन सूचना दिलेली असेल, तर तेवढे पुरे. केवळ वस्तू विकणाऱ्याला वार्षिक उलाढाल ४० लाखांवर जाईपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. मात्र विजयपूर आपल्याला पुण्यापेक्षा जवळ असले, तरी ते कर्नाटकात आहे आणि तिकडे एक पाकीट जरी पाठवले, तरी उलाढाल न पाहता नोंदणी घ्यावी लागते. नोंदणीनंतर जुन्या कार्डांना जीएसटी नियमावलीतला नियम ३२(५) लागू करता येतो: ८०० रुपयांना घेतलेले कार्ड ११०० ला विकले, तर कर ३०० रुपयांच्या फरकावरच बसतो, अर्थात खरेदीवर इनपुट क्रेडिट (खरेदीत भरलेल्या कराची वजावट) घेतलेले नसावे.

उत्तर (जुना संग्राहक):
माझ्या मते खरी जोखीम खरेदीत आहे. माझ्याकडे सातवीतला एक मुलगा रबरबँड लावलेला कार्डांचा गठ्ठा घेऊन आला आणि मी तो विकत घेतला. दुसऱ्याच दिवशी त्याचा मोठा भाऊ आला, कारण कार्डे त्याची होती. मी ती मुकाट्याने परत केली. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, त्यामुळे पालकांना समोर बसवून, त्यांची सही घेतल्याशिवाय मुलांकडून एकही कार्ड घेऊ नका.

उत्तर (ग्राहकमित्र):
बंद पाकिटावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि सर्व करांसह कमाल किंमत छापलेली आहे ना, हे पाहूनच माल उचला. त्या किमतीहून जास्त घेता येत नाही. नकली कार्डे विकणे ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या कार्डाच्या पावतीवर कोपरा दुमडलेला, चरा पडलेला, असे दोष स्पष्ट लिहा, कारण ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाच्या बाबतीत २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यापुढे टिकत नाही.

नवीपेठकर:
मनःपूर्वक आभार. खरेदीसाठी वेगळी वही आजच घालतो, त्यात पालकांच्या सहीचा रकाना ठेवतो आणि विजयपूरची मागणी नोंदणी होईपर्यंत थांबवतो.