सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट आजार) आहे आणि दोन नातवंडं सांभाळते, फिजिओच्या वेळा कशा जमवू? (जरा लांबलंय)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, लिहायची पहिलीच वेळ, टायपिंगच्या चुका पोटात घाला.

वय ६६, धायरीत राहते. मुलगा सून दोघं हिंजवडीला, साडेसातला बाहेर पडतात ते रात्री आठ वाजतात यायला. घरात मी, पहिलीतली नात आणि अडीच वर्षांचा नातू. आमच्याकडे बिडी सिगरेट कुणीच ओढली नाही, पण मी लग्नानंतर बावीस वर्षं भोरकडे गावी चुलीवर रांधलं, पावसाळ्यात ओली लाकडं फुंकणीने फुंकून फुंकून डोळे लाल व्हायचे, तेव्हा कुणाला माहीत होतं की धूर छातीत जमा होतोय. तीन वर्षांपूर्वी जिन्यावर दम लागायला लागला, मी म्हणायची वय झालं आता. मग स्पायरोमेट्री झाली, म्हणजे नळीत फुंकून करायची फुफ्फुसांची तपासणी, त्यात एफईव्ही वन, म्हणजे पहिल्या सेकंदात जोरात बाहेर टाकलेली हवा, अपेक्षेच्या ४५ टक्के. डॉक्टर म्हणाले फुफ्फुसं गेली ती परत येत नाहीत, आहेत ती टिकवायची.

औषधांचं काही नाही, दोन इनहेलर आहेत, स्टेरॉइडवाल्यानंतर चूळ भरायची, ते अंगवळणी पडलंय. प्रश्न आहे पल्मनरी रिहॅबचा, म्हणजे फुफ्फुसांसाठीच्या फिजिओच्या व्यायामांचा. आठ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, डेक्कनला, ११ ते १२. आणि नातीची शाळेची व्हॅन सव्वाबाराला गेटवर. उड्डाणपूल झाला तरी सिंहगड रोडवरून रिक्षाने परत यायला किती वेळ लागेल ते ज्याचं नशीब त्याला ठाऊक. शेजारच्या काकूंकडे दोघांना दोन आठवडे ठेवलं, मग त्यांचे गुडघे दुखायला लागले, आता कुठल्या तोंडाने सांगू. २४ पैकी ५ वेळा गेले. घरी कुणाला सांगितलेलं नाही की बंद आहे, मुलगा विचारतो जातेस ना, मी म्हणते हो.

का नाही सांगत म्हणाल तर खरं लिहिते. मला जमत नाही म्हटलं की नातवाला पाळणाघरात टाकतील. चुकीचं काही नाही त्यात, चांगली पाळणाघरं आहेत इकडे. पण हे गेल्यापासून माझा दिवस या दोघांच्यावरच चालतो.

दुसरं म्हणजे सर्दी. शाळेतून नात शिंकत येते, तीन दिवसांत नातू, मग मी. डिसेंबरात असंच होऊन पाच दिवस ॲडमिट होते. असा प्रत्येक झटका थोडी ताकद कायमची घेऊन जातो असं डॉक्टरांनी बजावलंय. फ्लूची लस दरवर्षी घेते, न्यूमोनियाचीही घेतली. मास्क लावला की नातू ओढून काढतो, त्याला तो खेळच वाटतो. खेळ म्हटलं तर ऑक्सिमीटरचाही झालाय. नात आपलं बोट आधी घालते मग माझं, "माझे ९९, आजी तुझे ९१, मी जिंकले!" आमच्या डॉक्टरांनी माझ्यासाठी ८८ ते ९२ ठीक सांगितलंय, पण तिला ते कसं पटायचं, ती रोज मला हरवते.

तर विचारायचंय असं की घरून व्हिडिओवर असे व्यायाम कुणी केलेत का, उपयोग होतो का? आणि नातवाला उचलायचं कसं? साडेबारा किलोचा आहे, आमची तीन मजल्यांची जुनी सोसायटी, लिफ्ट नाही. त्याला घेऊन चढले की दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून, ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडत उभी राहते, तसा दम आवरतो, पण तोवर हा खाली उतरून पायऱ्यांवर पळतो.

कृपया घरगुती काढे सांगू नका, आमच्याकडे सांगणारे पुष्कळ आहेत.

अपडेट: सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवताना नातीने बापाला सांगितलं, "बाबा, आज आजी ८६ ला आऊट झाली." मुलाने घास तसाच ठेवला. मग सगळं निघालं, फिजिओ बंद आहे तेही. थोडा चिडला, सून मात्र काही बोलली नाही, उठून माझी फाईलच काढून वाचत बसली. आज सकाळी डॉक्टरांना दाखवून आले, एक गोळ्यांचा कोर्स दिलाय, तो संपला की परत रिहॅब सुरू. मंगळवार गुरुवार मुलगा घरून काम करणार, शनिवारी सून आहेच. पाळणाघराचा विषय निघाला, पण अर्ध्या दिवसाचंच बघू म्हणाले, दुपारी झोपायला तो माझ्याकडेच.

तेव्हा वेळेचं सुटल्यासारखं आहे. उचलायचं तेवढं सांगा कुणीतरी, कडेवर घेतल्याशिवाय तो झोपत नाही.