नीतिमत्त्व, नियमशास्त्र आणि 'ठरणे'

शब्दखुळी : परवा शेजारच्या काकूंकडे प्रार्थनासभेला बसले होते. बायबलच्या नव्या करारातल्या, प्रेषित पौलाच्या गलतीकरांस पत्रातलं वाचन चालू होतं. नियमशास्त्राने नीतिमत्त्व मिळत असेल तर ख्रिस्ताचं मरण फुकट गेलं, अशा अर्थाची ओळ आली (२:२१) आणि मी तिथेच अडले. नियम पाळतो तोच नीतिमान ना? शिवाय हे नीतिमत्त्व म्हणजे नीतिमत्ताच का? आधी मुद्रणदोष वाटला.

वसईकर : मुद्रणदोष नाही. नीतिमत् + त्व, म्हणून दोन त. (चर्चच्या पत्रकांतही निम्म्या वेळा एकच छापतात.) नीतिमत्ता माणसाच्या वागण्यात दिसते. पौलाचं नीतिमत्त्व म्हणजे देवापुढे माणूस कसा उभा आहे ते. आणि नियमशास्त्र म्हणजे तोरा, यहुद्यांचा नियमदाता मोशे याची पाच पुस्तकं. हिब्रूत तोराचा मूळ अर्थ शिकवण. ग्रीकमध्ये त्याचं 'नोमोस' झालं आणि कायद्याचा वास लागला. मराठीने मागे 'शास्त्र' जोडलं ते बरं केलं. हिंदी बायबलमधलं 'व्यवस्था' मला सरकारी वाटतं.

खरी मेख 'ठरणे' या क्रियापदात आहे. आपण 'निर्दोष ठरला' म्हणतो, तसं 'नीतिमान ठरला'. निकाल दुसऱ्याने द्यायचा. रोमकरांस पत्राच्या ४ थ्या अध्यायात पौल यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याचा दाखला देतो. त्याने विश्वास ठेवला आणि तो विश्वास नीतिमत्त्व असा 'गणला' गेला. हे 'गणणं' ग्रीकमध्ये हिशेबाच्या वहीतलं, खात्यावर जमा धरणं. लगेच पुढे मजुरीचं उदाहरण येतं : राबणाऱ्याला मिळते ती मजुरी, ते काही उपकार नव्हेत. मग पौल वकिलासारखा विचारतो, हे जमा कधी धरलं, सुंतेआधी (सुंता ही देवाशी झालेल्या कराराची खूण) की नंतर? बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत, विश्वास १५ व्या अध्यायात आहे, सुंता १७ व्यात. मोशे तर कितीतरी पुढचा. म्हणजे जमा झाली तेव्हा नियमशास्त्र आलेलंच नव्हतं!

चिकित्सक : मुद्दा मान्य, पण नव्या करारातल्याच याकोबाच्या पत्राचं काय? तो म्हणतो, माणूस केवळ विश्वासाने नव्हे तर कृतींनी नीतिमान ठरतो (२:२४). दाखला तोच, अब्राहामाचा. गंमत म्हणजे नव्या करारात 'केवळ विश्वासाने' हे शब्द इथेच येतात, तेही नकारात. रोम ३:२८ मधला 'केवळ' प्रॉटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या ल्यूथरने १५२२ च्या जर्मन भाषांतरात स्वतः घातला. आणि याच क्रियापदासाठी लॅटिन बायबलमध्ये जो शब्द आहे त्यात 'नीतिमान करणे' दडलंय, 'ठरवणे' नाही. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५४७ मध्ये तोच अर्थ धरला : माणूस आतून बदलतोही. तेव्हा मराठीतलं 'ठरणे' प्रॉटेस्टंटांच्या बाजूला झुकतं, असं माझं मत.

वसईकर : झुकतं खरं, आणि हे मी कॅथलिक असून म्हणतोय. पण कॅथलिक-प्रॉटेस्टंटांच्या त्या भांडणाची धार १९९९ साली जर्मनीत आउग्सबुर्गला लूथरन (ल्यूथरच्या पंथाचे) आणि कॅथलिकांनी याच विषयावरच्या संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या तेव्हाच बोथट झाली. ग्रीकला 'ठरणे'च जवळचं.

शब्दखुळी : म्हणजे नियमशास्त्र आता अडगळीत?

वसईकर : छे! गलती ३:२४ मध्ये त्याला 'बालरक्षक' म्हटलंय. ग्रीक घरांत मुलाला शाळेत नेणारा-आणणारा एक गुलाम असायचा, तो हा. शिकवणारा वेगळाच. मुलगा मोठा झाला की त्याची सोबत संपायची. आपल्याकडे रिक्षावाले काका असतात, तसा. फक्त याच्या हाती बहुधा छडीही असायची.