स्कॅन केलेली गणेशपट्टी गुळगुळीत करताना मण्यांची ओळ विरघळते, उपाय सुचवावा

वाड्यातला

नमस्कार. सदाशिव पेठेतील आमचा वाडा उतरवला गेला, तेव्हा देवघराच्या दारावरची सागवानी गणेशपट्टी मी जपून ठेवली. ती ६०० मिमी लांब आणि १५० मिमी उंच असून नक्षीचा सर्वाधिक उठाव १८ मिमी आहे. मूळ पट्टी आता काकांकडे जाणार असल्यामुळे नव्या घरातील देवघरासाठी तशीच दुसरी सीएनसी राऊटरवर (संगणकाच्या आज्ञांनी लाकूड कोरणाऱ्या यंत्रावर) कोरून घेण्याचा विचार आहे.

मोबाइलने सुमारे १४० छायाचित्रे काढून मेशरूम या मोफत प्रणालीत त्रिमितीय जाळी तयार केली. तिच्यात ३० लाख त्रिकोण आहेत आणि त्या त्रिकोणांची एसटीएल स्वरूपातील फाइल १५० एमबीची झाली आहे. पट्टीवर जुन्या तैलरंगाचे थर असल्याने ती चमकते, आणि बहुधा त्यामुळेच सपाट भागावर देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे आले आहेत. ते घालवण्यासाठी मेशलॅब या जाळी सुधारण्याच्या प्रणालीत लाप्लासियन स्मूदिंग ही गुळगुळीत करण्याची क्रिया ३० वेळा चालवली. खड्डे गेले, परंतु गणपतीची सोंड बारीक झाली, दात दिसेनासा झाला आणि खालच्या काठावरची मण्यांची ओळ शेवईसारखी सलग दिसू लागली. नक्षी न मोडता केवळ खरखरीतपणा कसा काढावा?

शिवाय काम नीट जमल्यास ही फाइल सर्वांसाठी खुली करण्याची इच्छा आहे. ती कोणत्या स्वरूपात द्यावी?

भोसरीचा राऊटर

आपली सोंड बारीक झाली यात आपल्या हाताचा दोष नाही; ती पद्धतच तशी आहे. लाप्लासियन स्मूदिंगमध्ये जाळीतील प्रत्येक बिंदू शेजारच्या बिंदूंच्या सरासरी जागेकडे सरकतो, त्यामुळे जे जे उंच आणि गोलसर आहे ते प्रत्येक फेरीत थोडे आत ओढले जाते. त्याऐवजी त्याच यादीतील टॉबिन स्मूदिंग वापरून पाहावे. त्यात एक पाऊल आत आणि त्याहून किंचित मोठे पाऊल बाहेर टाकले जाते (मेशलॅबमधील मूळ मूल्ये ०.५ आणि –०.५३ अशी असतात), त्यामुळे खरखर जाते आणि आकारमान जवळजवळ टिकते.

मात्र त्याआधी जाळी सर्वत्र सारख्या घनतेची करून घ्यावी. छायाचित्रांवरून बनवलेली जाळी कुठे दाट तर कुठे विरळ असते. दाट भागात दहा फेऱ्यांनी काहीच होत नाही आणि विरळ भागात त्याच दहा फेऱ्यांत मणी विरघळतात. मोबाइलच्या छायाचित्रांवरून आलेल्या जाळीला स्वतःचे खरे माप नसते, हेही लक्षात असू द्यावे. पट्टीशेजारी पोलादी फूटपट्टी ठेवून छायाचित्रे काढली असतील तर तिच्यावरून माप लावता येते. नसल्यास व्हर्निअरने दोन ठिकाणची अंतरे मोजून जाळी त्या प्रमाणात आणावी.

आता मुख्य मुद्दा. किती गुळगुळीत करायचे हे संगणकाच्या पडद्यावर ठरवू नये, टूलवरून, म्हणजे यंत्राच्या कापणाऱ्या पात्यावरून ठरवावे. सागवानातील अशा कामाला मी शेवटच्या फिनिशिंगसाठी १ मिमी व्यासाच्या गोल टोकाचे निमुळते टूल (टेपर बॉलनोज) वापरतो. म्हणजे १ मिमीहून अरुंद घळ ते टूल कापूच शकत नाही, आणि तेवढ्या घळीतली खरखर पुसण्यात वेळ घालवण्याचे कारण नाही. याउलट सपाट भागावरचा ०.०५ मिमीचा खड्डा टूल इमानदारीने कोरते आणि पॉलिश चढवल्यावर तो अधिकच उठून दिसतो. टूलच्या लगतच्या दोन फेऱ्यांमधील अंतर ०.१५ मिमी धरले तर टूलमुळे उरणाऱ्या कडांची उंची अंतराचा वर्ग भागिले टोकाच्या त्रिज्येची आठपट, म्हणजे साधारण ०.००६ मिमी येते. खरी अडचण स्कॅनच्या खरखरीचीच आहे.

वेळेचाही हिशेब पाहावा. १५० मिमी उंचीत ०.१५ मिमी अंतराने १००० फेऱ्या होतात, प्रत्येक ६०० मिमीची, म्हणजे एकूण ६०० मीटर. मिनिटाला २५०० मिमी गतीने हे चार तासांचे काम आहे. पृष्ठभाग खरखरीत असेल तर टूलची उंची ठरवणारा झेड अक्ष सतत वरखाली होतो, यंत्र ती गती कधीच गाठत नाही आणि चाराचे सहा तास होऊ शकतात. ग्राहकाने आणलेल्या अशा एका फाइलवर माझा एक आख्खा दिवस गेला होता. तेव्हापासून मी जाळी आधी पाहिल्याशिवाय दर सांगत नाही.

हातपटाशी

वरील सर्व तांत्रिक सल्ला योग्यच आहे, परंतु संपूर्ण पट्टीवर एकच स्मूदिंग चालवण्यास माझा विरोध आहे. मी तीस वर्षे हाताने कोरीव काम करतो आणि अलीकडे यंत्रावर कापलेल्या नक्षीला शेवटचा हात देण्याची कामेही घेतो. यंत्रावरून आलेले बहुतेक गणपती साबणाच्या वडीतून काढल्यासारखे दिसतात. सर्व कडा सारख्याच गोल, पानाची शीर आणि पोटाचा उतार एकाच मऊपणाचा. जुन्या कारागिराने पान कोरताना पटाशी एका दमात देठाकडून टोकाकडे नेलेली असते आणि त्या फटक्याचा पैलू पानावर राहतो. स्मूदिंगला तो पैलू आणि रंगाची खरखर यांतला फरक कळत नाही. तो आपल्याला कळतो. पैलूला दिशा असते, खरखरीला नसते.

म्हणून नक्षीमागची जमीन, मूर्ती आणि बारीक नक्षी असे तीन भाग वेगळे निवडावेत. जमीन गुळगुळीत करत बसण्याऐवजी तिथे सरळ सपाट प्रतल बसवावे. मूळ कारागिराने तीच अपेक्षा ठेवली होती. मूर्तीवर टॉबिनच्या थोड्या फेऱ्या पुरेत. मण्यांना हात लावू नये. त्यांतला एक चांगला मणी निवडून त्यावर काम करावे आणि त्याच्या प्रती ओळीत बसवाव्यात, किंवा मणी यंत्रावर अर्धवटच सोडून हाताने गोल करावेत. सागवानात तासाभराचे काम आहे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुन्हा स्कॅन करता येत असेल तर करावे. पट्टीवर मऊ ब्रशने टाल्कम पावडरचा अगदी पातळ थर द्यावा आणि भर उन्हाऐवजी सावलीत, सारख्या उजेडात छायाचित्रे काढावीत. चमक गेली की निम्मे स्मूदिंग वाचते. मात्र काकांना आधी विचारावे!

मुक्तनक्षी

फाइल खुली करण्याबाबत लिहितो. कृपया जी-कोड, म्हणजे यंत्राला टूल कसे हलवायचे ते सांगणारी आज्ञांची फाइल, देऊ नये. तो एका यंत्रासाठी, एका टूलसाठी आणि लाकडाच्या एका जाडीसाठी असतो. दुसऱ्याच्या यंत्रावर तो चालवल्यास टूल तुटण्याची किंवा टेबलात घुसण्याची शक्यता असते.

दोन गोष्टी द्याव्यात. पहिली एसटीएल. बायनरी स्वरूपातील एसटीएलमध्ये प्रत्येक त्रिकोणाला ५० बाइट लागतात, म्हणून ३० लाख त्रिकोणांची फाइल १५० एमबीची होते. सपाट प्रतल बसवल्यावर तिथल्या लाखो त्रिकोणांची गरज उरत नाही. ६ लाखांवर आणल्यास ती ३० एमबीची होईल आणि जुन्या संगणकावरही उघडेल. एसटीएलमध्ये एकक नोंदवले जात नाही, त्यामुळे ‘गणेशपट्टी ६०० बाय १५० बाय १८ मिमी’ असे नावातच लिहावे, अन्यथा कोणीतरी ती इंचात उघडतो आणि मग प्रश्न विचारत बसतो.

दुसरी गोष्ट करड्या छटांचा उंचीनकाशा, म्हणजे छटेवरून उठाव दाखवणारे चित्र, कारण अनेकजण थेट चित्रावरून रिलीफ (उठावाची नक्षी) बनवतात. तो १६ बिटचा पीएनजीच असावा. ८ बिटमध्ये फक्त २५६ छटा असतात, म्हणजे १८ मिमी उठावात प्रत्येक पायरी ०.०७ मिमीची होते आणि पोटाच्या उतारावर नकाशातील समोच्च रेषांसारख्या पायऱ्या दिसतात. १६ बिटमध्ये ६५,५३६ छटा मिळतात आणि हा प्रश्नच उरत नाही. जेपीजी तर नकोच, त्याचे ८ बाय ८ बिंदूंचे चौकोन लाकडात हुबेहूब उमटतात. ८ बिटचे चित्र नंतर १६ बिटमध्ये बदलून धूसर केल्यास पायऱ्या झाकल्या जातात, गेलेला तपशील परत येत नाही.

शक्य असल्यास मूळ, न सुधारलेली जाळीही सोबत ठेवावी. आपले स्मूदिंग ही आपली निवड आहे. दुसऱ्याला वेगळी करता आली पाहिजे.

हक्कांविषयी: भारतातील १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार कलाकृतीवरील हक्क साधारणतः कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, त्यामुळे पेशवाईतल्या किंवा शतकापूर्वीच्या नक्षीबाबत सहसा अडचण नसते, हयात कारागिराचे काम मात्र त्याच्या परवानगीविना स्कॅन करून वाटू नये. परवाना म्हणून मी क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यांपैकी श्रेयासह वापराचा पर्याय सुचवेन. केवळ अव्यावसायिक वापराची अट घातली की ज्या सुताराला चार पैसे मिळावेत तोच अडतो. माझी स्वतःची एक महिरप कोणीतरी शेकडो फाइलींच्या पेन ड्राइव्हमध्ये घालून विकली, श्रेय न देता. राग आला, तरीही अट बदललेली नाही.

वाड्यातला

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काकांच्या परवानगीने पावडर लावून पुन्हा छायाचित्रे काढली. खड्डे खरोखरच निम्म्याहून कमी आले. जमिनीच्या जागी प्रतल बसवले, मूर्तीवर टॉबिनच्या आठ फेऱ्या दिल्या आणि मणी हाताने करायचे ठरवले. भवानी पेठेतील लाकूड बाजारातून सागवानाची फळी आणण्यापूर्वी एमडीएफवर (लाकडाच्या तंतूंच्या दाबून केलेल्या फळीवर) कापून पाहिले. सोंड जागेवर आहे, दातही आहे.

एक शंका उरते. डाव्या टोकाचे कमळ तुटलेले असल्याने उजव्या कमळाची आरशातील प्रत तिथे बसवणार होतो, परंतु नीट पाहता उजव्याला सात पाकळ्या आहेत आणि डाव्याच्या उरलेल्या भागावरून तिथे सहाच असाव्यात असे वाटते.

हातपटाशी

सहाच कोराव्यात. त्या टोकाला वेलीचे वळण आधी येत असणार, म्हणून मूळ कारागिराला सातवीसाठी जागा उरली नसेल. देठापासून मोजून पाहावे. आणि डावे कमळ आपण नव्याने घडवले आहे, हे फाइलसोबत नमूद करावे.