मुलगा ९ वर्षांचा, वजन ४२ किलो, मानेवर काळेपणा: थायरॉइडमुळे?

प्रश्न
उंची १३२ सेंमी. दोन वर्षांत उंची ११ सेंमी वाढली, वजन १५ किलो. मानेमागे काळसर, जाडसर पट्टा आहे. रात्री घोरतो. टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारं संप्रेरक) ६.८, फ्री टी४ (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) नॉर्मल. थायरॉइडची गोळी सुरू करावी का? आणखी कोणत्या तपासण्या लागतील?

प्रतिसाद १
थायरॉइडवर खापर फोडण्याआधी उंची बघा. थायरॉइड कमी पडलं किंवा कुशिंग (शरीरात कॉर्टिसॉल जास्त होण्याचा आजार) असला तर वजन वाढतं, पण उंची अडते. इथे ती वर्षाला साडेपाच सेंमी वाढतेय, म्हणजे या वयाला हवी तशीच. लठ्ठ मुलांत टी४ नॉर्मल असून टीएसएच ५ ते १० असणं हा बहुतेकदा वजनाचाच परिणाम असतो. वजन आटोक्यात आलं की तोही उतरतो. त्यामुळे गोळीची घाई नको. अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी) करून घ्या आणि काही महिन्यांनी टीएसएच पुन्हा बघा.

बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २४.१ येतो. मोठ्यांच्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात हा आकडा निर्धोक वाटतो, तिथेच फसगत होते. डब्ल्यूएचओच्या तक्त्यात ९ वर्षांच्या मुलाचा लठ्ठपणा साधारण २०.५ च्या पुढे धरतात.

प्रतिसाद २
मानेवरचा पट्टा म्हणजे मळ नाही, घासून कातडी सोलू नका. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण आहे, काखेतही बघा. उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), एएलटी (यकृताची तपासणी), लिपिड (रक्तातली चरबी) एवढ्या तपासण्या पुरेत. इन्सुलिनची पातळी मोजून उपचारात सहसा काही बदलत नाही. रक्तदाब मात्र दंडाच्या मापाच्या पट्ट्यानेच घ्या, पट्टा लहान पडला की आकडा खोटाच जास्त येतो.

घोरताना श्वास मध्येच थांबतो का? सकाळी डोकं दुखणं, दिवसा पेंग किंवा उलट चिडचिड, पुन्हा अंथरूण ओलं होणं यांपैकी काही असेल तर टॉन्सिल-अॅडेनॉइड (घशातल्या आणि नाकामागच्या गाठी) डॉक्टरांना दाखवा.

प्रतिसाद ३
लंगडणं आणि गुडघा दुखणं सुरू झालं तर फक्त गुडघ्याचा एक्स-रे काढून थांबू नका. खुब्याचा गोळा सरकला की दुखतं अनेकदा गुडघ्यात. पायावर भार न देता त्याच दिवशी दोन्ही खुब्यांचा एक्स-रे काढा. खूप तहान, सारखी लघवी आणि वजन आपोआप उतरतंय, तर खूश होऊ नका; साखर त्याच दिवशी तपासा.

प्रश्नकर्ता
वजन किती उतरवायचं?

प्रतिसाद १
सध्या ४२ वरच रोखून धरा. उंची १४० झाली की त्याच वजनात बीएमआय २१.४ येईल. उपास नको, गोड पेयं आधी बंद करा.